दोनशे शब्दांत

कार्यालयाची सूचना अशी:
देणगीदारांना आभाराचं पत्र, दोनशे शब्दांत,
भाषा सौजन्याची, सोबत हसरा फोटो,
शुक्रवारी बाराच्या आत.

आदरणीय दोन्या एदेल्मिरा,
आपल्या उदार साहाय्यामुळे माझ्या स्वप्नांना पंख
इथे थांबले.
पंख आम्हाला याच सत्रात आहे,
कोंबडीचा, एकेक हाड सुटं करून.
तो इतक्या सहज कुणाला फुटत नाही.

तर खरं लिहिते.
मागच्या वर्षी मी रात्री सॅमनच्या कारखान्यात होते,
दहा ते सहा, पांढरे गमबूट, हातमोज्यांच्या दोन जोड्या,
तरी आठच्या तासाला बोटं पेन धरायला तयार नसायची.
पट्टा थांबत नाही. मासा येतो, चिमट्याने काटे काढायचे,
पुढचा येतो.
कणा मला आधी हातांनी कळला,
त्याच्या मणक्यांची नावं नंतर, पुस्तकात,
आणि ती वाचता वाचता माझी मान पडली.
मागे कोण घोरतंय, सरांनी विचारलं.
वर्ग हसला. मीही हसले,
कोण ते ठाऊक नसल्यासारखी.

मार्चात आपले पैसे आले.
त्यांचं काय केलं, असा रकाना आहे फॉर्मात.
फी. खोलीचं भाडं. चिरफाडीच्या हत्यारांची पेटी,
जुनी, आधीच्या मालकिणीचं नाव खरवडलेलं.
रकान्यात न बसणारं एक राहिलं:
मी झोपले.
सलग अकरा रात्री, पुएर्तो मोंतचा पाऊस पत्र्यावर,
घरमालकीण दोनदा दार वाजवून गेली,
पोरगी जिवंत आहे ना बघायला.

मग मे महिन्यात एकदा हात वर केला.
प्रश्न साधा होता, आणि चुकीचा.
सरांनी खडू ठेवला, बाकीचा तास त्यातच गेला,
आणि जाताना म्हणाले, शनिवारी बेटांवर जातोय,
मेंढ्यांचे खूर सडलेत, येतेस?
पेंगणाऱ्याला कुणी असं विचारत नाही.
तो शनिवारही आपल्याच खात्यावर मांडते.

अजून एक. हे कार्यालयाला आवडणार नाही.
पट्ट्यावर माझ्या जागी आता मिरेया उभी असते.
तिनेही हाच अर्ज भरला होता,
माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने.
तिची सरासरी दोन दशांशांनी कमी.
दोन दशांश म्हणजे किती, मी मोजून पाहिलं:
एक ताप, एक चुकलेली बस.
आम्ही अजून बोलतो. पूर्वीइतकं नाही.

आपल्या भावाबद्दल माहितीपत्रकात एकच ओळ आहे:
सेगुंदो, पाचवीनंतर पातागोनियात मेंढ्या कातरायला गेला.
बाकी जागा बोधचिन्हाने खाल्लीये.
त्यांना काय शिकायचं होतं?

आपली,
यास्ना बार्रिया.

एवढं लिहून मी कार्यालयात पंखांचंच दिलं,
फोटोसकट, एकशे अठ्ठ्याण्णव शब्द.
हे पाकिटात घालून चिलोएच्या बोटीवर चढवलं.

उत्तर जुलैत आलं, चौकटीच्या वहीचा कागद,
अक्षर शाळेच्या बाईंचं, थरथरतं पण ओळ न सोडणारं:

"कार्यालयाकडून आलेलं पत्र सुरेख होतं, अर्ध्यात ठेवलं.
दुसरं दोनदा वाचलं.
झोपलीस ते बरं केलंस.
सेगुंदो हंगामात उभ्यानेच झोपायचा म्हणे, हातात कातर.
त्याला काय शिकायचं होतं, हे आम्ही विचारलंच नाही.
मी मोठी होते, मला विचारता आलं असतं.
त्या मिरेयाचं पूर्ण नाव कळव.
आणि आमचा एडका डावा पाय टेकत नाही.
येशील तेव्हा बघ. पेटी आण."